टेबलमध्ये कॉलम दिसतोय, मग व्ह्यू 'असा कॉलमच नाही' असं का म्हणतो?

समजा, एका गावातली दूध डेअरी आहे. दहा दिवसांची बिलं काढायचा दिवस आहे आणि सभासद पैशांची वाट बघतायत. डेअरीने गेल्याच आठवड्यात नोंदींमध्ये एक नवीन कॉलम वाढवला, एसएनएफ. म्हणजे दुधातलं फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांचं प्रमाण. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ या दोन्हींवर ठरतो, त्यामुळे बिलात तो आकडा हवाच.

ऑपरेटर बिलाची क्वेरी चालवतो आणि स्क्रीनवर इंग्रजीत एकच ओळ येते: एसएनएफ नावाचा कॉलम अस्तित्वात नाही.

तो टेबल उघडून बघतो. कॉलम आहे. त्यात आकडेही भरलेले आहेत. परत क्वेरी चालवतो, परत तीच एरर. स्पेलिंग तपासतो, कॉम्प्युटर बंद करून चालू करतो, शेवटी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतो.

आता यात खोटं कोण बोलतंय? तर कुणीच नाही. टेबलमध्ये कॉलम आहे हेही खरं आणि क्वेरीला तो सापडत नाही हेही खरं. कारण क्वेरी टेबलला विचारतच नाहीये. ती विचारतेय व्ह्यूला.

व्ह्यू म्हणजे नक्की काय?

डेटाबेसमध्ये खरा डेटा टेबलमध्ये असतो. व्ह्यू म्हणजे नाव देऊन जपून ठेवलेली क्वेरी. 'संकलन टेबलमधून सभासद, लिटर आणि फॅट घे, सभासदांच्या टेबलमधून नाव घे, दोन्ही जोडून दाखव' एवढी सूचना एकदा लिहून तिला 'बिल_व्ह्यू' असं नाव दिलं की झालं. पुढच्या वेळी लांबलचक क्वेरी लिहायची गरज नाही. नुसतं बिल_व्ह्यूमधून डेटा मागायचा.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलवरचा त्यांचा गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं होतं की डेटा आत कसा रचून ठेवलाय हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरजच पडू नये. पुढे आयबीएमच्याच 'सिस्टिम आर' या प्रकल्पात एसक्यूएल ही भाषा आकाराला आली आणि व्ह्यूसुद्धा तिथेच प्रत्यक्षात उतरले.

आज बँकेपासून कॉलेजच्या निकालापर्यंत सगळीकडे व्ह्यू वापरले जातात. कुणाला पगाराचा कॉलम दाखवायचा नसेल तर तो वगळून व्ह्यू करायचा. चार टेबलं जोडायची कटकट रोजची असेल तर एकदाच व्ह्यू करायचा.

गंमत अशी की वापरणाऱ्याला व्ह्यू अगदी टेबलसारखाच दिसतो. नाव तसंच, कॉलम तसेच, क्वेरीही तशीच. समोर आहे ते टेबल की व्ह्यू, हे वर्षानुवर्षं वापरूनही अनेकांना माहीत नसतं. त्यामुळे एरर आली की माणूस टेबल तपासतो आणि बिघाड मात्र व्ह्यूमध्ये असतो.

सगळा घोळ स्टारचा

एसक्यूएलमध्ये 'सगळे कॉलम दे' म्हणायचं असेल तर कॉलमच्या नावांऐवजी नुसती फुली टाकतात, म्हणजे स्टार. व्ह्यू बनवताना आळस म्हणून 'सिलेक्ट स्टार' लिहिणारे भरपूर आहेत. त्यांना वाटतं, उद्या टेबलमध्ये नवा कॉलम आला की तो आपोआप व्ह्यूमध्ये पण येईल.

तो येत नाही.

पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि ओरॅकल या तिन्ही डेटाबेसमध्ये व्ह्यू बनवला त्या क्षणी स्टारच्या जागी त्या दिवशीच्या कॉलमची पूर्ण यादी बसते आणि तीच कायम राहते. टेबलमध्ये तेव्हा पाच कॉलम असतील तर व्ह्यूमध्ये पाचच. नंतर टेबलचे पन्नास झाले तरी व्ह्यूचे पाचच. मायएसक्यूएलच्या अधिकृत माहितीपत्रकात तर व्ह्यूची व्याख्या बनवतानाच 'गोठते' असं सरळ लिहिलेलं आहे.

शाळेच्या ग्रुप फोटोसारखं समजा. फोटो काढल्यानंतर वर्गात नवा मुलगा आला. तो हजेरीपटावर आहे, बाकावर बसलेला आहे, पण फोटोत कितीही शोधला तरी सापडणार नाही.

डेअरीत हेच झालं. एसएनएफ कॉलम टेबलमध्ये आला, पण व्ह्यू त्याच्या आधीचा.

याला अपवाद आहे एसक्यूलाइट. तुमच्या फोनमधली कितीतरी अ‍ॅप्स आपला डेटा यात ठेवतात. एसक्यूलाइट व्ह्यूचा मजकूर लिहिला तसाच जपून ठेवतो आणि वापराच्या वेळी टेबल बघून स्टारचा अर्थ लावतो, म्हणून तिथे नवा कॉलम व्ह्यूमध्ये दिसतो. त्यामुळे लॅपटॉपवर एसक्यूलाइटवर शिकलेला माणूस नोकरीत पोस्टग्रेसवर आला की हमखास गोंधळतो.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची तऱ्हा तिसरीच, आणि तिथला घोळ सगळ्यात वाईट. त्यावर पुढे येऊ.

एरर आली, पहिलं काय बघायचं?

पहिलं म्हणजे टेबल बघत बसायचं नाही. कॉलमची यादी व्ह्यूलाच विचारायची.

मायएसक्यूएलमध्ये 'डिस्क्राइब' लिहून पुढे व्ह्यूचं नाव टाकलं की त्याचे कॉलम दिसतात आणि 'शो क्रिएट व्ह्यू' म्हटलं की आतली पूर्ण क्वेरी. पोस्टग्रेसमध्ये क्वेरी बघायला 'पीजी_गेट_व्ह्यूडेफ' हे फंक्शन आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसपी_हेल्पटेक्स्ट'. ओरॅकलमध्ये 'यूझर_व्ह्यूज' नावाची यादी असते, त्यात सगळं सापडतं.

क्वेरी समोर आली की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. हवा असलेला कॉलम त्या यादीत नसेल तर विषय संपला, व्ह्यू जुना आहे.

पण यादीत कॉलम दिसत असेल आणि तरीही एरर येत असेल तर? मग तुम्ही जो व्ह्यू बघताय आणि क्वेरी जो व्ह्यू वापरतेय तो एकच आहे का, हे तपासायचं. चाचणीचा डेटाबेस वेगळा आणि रोजच्या कामाचा वेगळा असतो. बदल एकीकडे केला आणि क्वेरी दुसरीकडे चालवली, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त वेळा घडतो. शिवाय एकाच डेटाबेसमध्ये वेगवेगळे स्कीमा असतात, म्हणजे कपाटातले वेगवेगळे खण. दोन खणांत एकाच नावाचे दोन व्ह्यू राहू शकतात. पोस्टग्रेस ठरलेल्या क्रमाने खण शोधत जातो आणि पहिला सापडेल तो उचलतो. जुना व्ह्यू आधीच्या खणात असेल तर नवा कितीही नीट बनवा, क्वेरी जुन्याकडेच जाणार. व्ह्यूच्या नावाआधी स्कीमाचं नाव लिहून बघितलं की हे लगेच कळतं.

नावात काय आहे? बरंच काही

कधी कधी कॉलम असतो, पण नाव जुळत नाही.

पोस्टग्रेसमध्ये दुहेरी अवतरण चिन्हांशिवाय लिहिलेलं इंग्रजी नाव लहान लिपीत बदललं जातं. ओरॅकलमध्ये उलट, सगळं मोठ्या लिपीत. पण व्ह्यू बनवताना कुणी अवतरण चिन्हात मोठी-लहान अक्षरं मिसळून नाव दिलं असेल, तर ते नाव तसंच्या तसं जपलं जातं. मग त्या कॉलमला दर वेळी अवतरण चिन्हातच बोलवावं लागतं, नाहीतर 'सापडत नाही' ठरलेलंच. डोळ्यांना तेच नाव, डेटाबेसला वेगळं.

नाव बदलण्याची गोष्ट तर अजून मजेशीर आहे. पोस्टग्रेसमध्ये टेबलच्या 'लिटर' कॉलमचं नाव बदलून 'दूध_लिटर' केलं तर व्ह्यू मोडत नाही. कारण पोस्टग्रेस आतून कॉलमला नावाने नाही, तर क्रमांकाने ओळखतो. पण व्ह्यू बाहेर दाखवताना जुनंच नाव दाखवत राहतो. टेबलमध्ये दूध_लिटर, व्ह्यूमध्ये लिटर. नवं नाव घेऊन व्ह्यूकडे गेलात की एरर. व्ह्यूच्या कॉलमचं नाव वेगळं बदलावं लागतं आणि त्यासाठीची सरळ आज्ञा पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून आहे.

मायएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर या बाबतीत नावाला धरून चालतात. खाली टेबलमध्ये नाव बदललं की वरचा व्ह्यू मोडला.

आणि मराठीत कॉलमची नावं ठेवणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइट आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, पण युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे हिशेबाने २१ चिन्हं झाली की जागा संपली. 'मागील_महिन्यातील_एकूण_कपात' हे नाव ७२ बाइटचं भरतं. पोस्टग्रेस ते कापून 'मागील_महिन्यातील_एकूण_क' असं करतो, वर फक्त एक सूचना देतो. क्वेरीत पूर्ण नाव लिहिलं तर तेही तसंच कापलं जातं, त्यामुळे तिथे काम चालून जातं. पण आलेल्या निकालात तुमचा प्रोग्रॅम पूर्ण नावाचा कॉलम शोधायला गेला की त्याला काहीच सापडत नाही. आणि त्याच टेबलमध्ये 'मागील_महिन्यातील_एकूण_कर्ज' असा कॉलम टाकायला गेलात तर पोस्टग्रेस म्हणतो, हा कॉलम आधीच आहे!

खालचा कॉलम काढून टाकला तर?

आतापर्यंत कॉलम वाढवण्याची आणि नाव बदलण्याची गोष्ट झाली. आता काढून टाकण्याची.

पोस्टग्रेस इथे कडक आहे. व्ह्यू वापरत असलेला कॉलम तुम्ही काढायला गेलात तर तो सरळ नकार देतो, यावर दुसऱ्या गोष्टी अवलंबून आहेत म्हणतो. त्या कॉलमचा प्रकार बदलायलाही देत नाही. पण त्या नकारासोबतच एक इशारावजा सल्ला येतो: 'कॅस्केड' वापरा. घाईतला माणूस तो शब्द जोडतो आणि कॉलम निघून जातो. सोबत त्यावर अवलंबून असलेला अख्खा व्ह्यू जातो, आणि त्या व्ह्यूवर उभा असलेला दुसरा व्ह्यूही. सकाळी लोक ऑफिसात येतात तेव्हा 'कॉलम नाही' ऐवजी 'व्ह्यूच नाही' अशी एरर येत असते.

मायएसक्यूएल काहीच अडवत नाही. कॉलम आरामात काढू देतो. मग कुणी व्ह्यू उघडला की १३५६ क्रमांकाची एरर येते. तिचा मजकूर असा की, या व्ह्यूमधलं टेबल, कॉलम किंवा फंक्शन चुकीचं आहे, नाहीतर व्ह्यू बनवणाऱ्याकडे किंवा वापरणाऱ्याकडे हक्क नाहीत. एकाच वाक्यात इतके संशयित! यातला हक्कांचा मुद्दा दुर्लक्षित राहतो. मायएसक्यूएलचा व्ह्यू सहसा तो बनवणाऱ्याच्या हक्कांवर चालतो. त्या माणसाने नोकरी सोडली आणि त्याचं खातं बंद केलं, की त्याने बनवलेले व्ह्यू बंद पडू शकतात. तेव्हा १४४९ क्रमांकाची एरर येते, व्ह्यूचा कर्ता अस्तित्वात नाही अशी. कॉलमचा इथे काही संबंध नसतो.

ओरॅकलमध्ये कॉलम काढला की अवलंबून असलेला व्ह्यू 'इनव्हॅलिड' म्हणजे अवैध म्हणून नोंदला जातो आणि वापरायला गेलं की ओआरए-०४०६३ येते, व्ह्यूमध्ये चुका आहेत म्हणून. नुसतं कॉलमचं नाव चुकलं असेल तर ओआरए-००९०४. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ००९०४ आली तर आधी आपली क्वेरी तपासायची, ०४०६३ आली तर व्ह्यूच्या आत बघायचं.

एसक्यूएल सर्व्हरमध्येही अशीच जोडी आहे. नुसती २०७ आली तर तुम्ही मागितलेला कॉलम नाही. २०७ च्या मागोमाग ४४१३ पण आली तर व्ह्यू आतूनच मोडलाय.

दुरुस्ती करताना दुसरा खड्डा

व्ह्यू जुना आहे हे कळलं, आता तो नव्याने बनवायचा. पोस्टग्रेसमध्ये 'क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यू' ही आज्ञा आहे, पण तिला अटी आहेत. जुने कॉलम त्याच नावाने, त्याच क्रमाने, त्याच प्रकाराने राहिले पाहिजेत. नवे फक्त शेवटी जोडता येतात. मधे घुसवायला गेलात तर व्ह्यूच्या कॉलमचं नाव बदलता येणार नाही, अशी भलतीच वाटणारी एरर येते. दोन टेबलं जोडून दोन्हींवर स्टार लावला असेल तर पहिल्या टेबलचा नवा कॉलम बरोबर मधे येतो आणि हीच एरर मिळते.

मग लोक काय करतात, तर व्ह्यू काढून टाकतात आणि नवा बनवतात. काम होतं, पण जुन्या व्ह्यूवर कुणाकुणाला बघायचे हक्क दिले होते ते सगळे त्याच्यासोबत जातात. बनवणाऱ्याला व्ह्यू झकास चालतो, बाकीच्यांना 'परवानगी नाही'. म्हणून काढण्याआधी हक्कांची यादी लिहून ठेवायची. ओरॅकलमध्ये 'क्रिएट ऑर रिप्लेस' केलं किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'ऑल्टर व्ह्यू' वापरलं तर हक्क टिकतात.

व्ह्यूवर व्ह्यू, त्यावर अजून एक व्ह्यू अशी उतरंड असेल तर सगळ्यात खालच्यापासून वर दुरुस्त करत जायचं. मधला एक जरी जुना राहिला तरी नवा कॉलम तिथेच अडकतो.

'रिफ्रेश' या शब्दानेही फसायला होतं. पोस्टग्रेसमध्ये मटेरिअलाइज्ड व्ह्यू नावाचा प्रकार असतो, त्यात निकाल साठवून ठेवलेला असतो. तो रिफ्रेश केला की नवीन डेटा येतो, नवीन कॉलम येत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मात्र 'एसपी_रिफ्रेशव्ह्यू' नावाची आज्ञा आहे आणि ती कॉलमची यादीच ताजी करते. शब्द एक, कामं दोन.

एरर आली तर नशीब समजा

इथपर्यंतच्या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट चांगली होती. काम थांबलं, कुणीतरी ओरडलं, कारण शोधलं गेलं. खरी भीती आहे ती कॉलम गायब असूनही एरर न येण्याची.

आता एसक्यूएल सर्व्हरकडे येऊ. डेअरीच्या टेबलमध्ये चार कॉलम आहेत: सभासद, लिटर, फॅट, बोनस. त्यावर स्टार टाकून व्ह्यू बनवलेला आहे. काही दिवसांनी बोनसचा कॉलम काढला आणि त्याच टेबलमध्ये 'कपात' नावाचा नवा कॉलम घातला, ज्यात पशुखाद्याची उधारी वळती करायची आहे. कॉलम परत चारच.

एसक्यूएल सर्व्हरने व्ह्यूच्या कॉलमची नावं जुनी जपून ठेवलेली आहेत, पण स्टारचा अर्थ तो आत्ताचं टेबल बघून लावतो आणि दोघांची जोडी क्रमाने जुळवतो. चौथं नाव बोनस, चौथा आकडा कपातीचा. व्ह्यू बिनतक्रार चालतो आणि बोनसच्या मथळ्याखाली कपातीचे आकडे दाखवतो. ज्याची ८०० रुपयांची उधारी, त्याला कागदावर ८०० रुपये बोनस. एरर नाही, लाल अक्षर नाही, काही नाही.

असे व्ह्यू ताजे केले नाहीत तर अनपेक्षित निकाल येऊ शकतात, हे मायक्रोसॉफ्टने माहितीपत्रकात लिहून ठेवलेलं आहे. उपाय दोन. टेबल बदललं की एसपी_रिफ्रेशव्ह्यू चालवायचं. किंवा व्ह्यू बनवतानाच 'स्कीमाबाइंडिंग' लावायचं. मग त्या व्ह्यूत स्टार वापरताच येत नाही आणि व्ह्यू वापरत असलेला कॉलम खालून काढताही येत नाही. टेबल बदलताना दर वेळी आधी व्ह्यू सोडवावा लागतो, म्हणून अनेकांना ते कटकटीचं वाटतं. पैशाचे आकडे दाखवणाऱ्या व्ह्यूसाठी ती कटकट परवडली.

दुसरी चोरवाट अवतरण चिन्हांची. मायएसक्यूएलमध्ये, सेटिंग बदललेलं नसेल तर, दुहेरी अवतरण चिन्हातला शब्द हा कॉलम नसून साधा मजकूर असतो. एसक्यूलाइट तर आधी त्या नावाचा कॉलम शोधतो आणि नाही सापडला की त्या शब्दालाच मजकूर समजतो. म्हणजे अवतरण चिन्हात एसएनएफ लिहिलं आणि व्ह्यूमध्ये तो कॉलम नसला, तर प्रत्येक ओळीत आकड्याऐवजी 'एसएनएफ' हाच शब्द छापून येतो. निदान हे डोळ्यांना तरी दिसतं. तोच शब्द अटीत वापरला असेल तर तेही दिसत नाही, नुसती यादी चुकते.

आणि आता तिसरी. ही कुठल्या एका कंपनीच्या डेटाबेसची खोड नाही, एसक्यूएलच्या नियमातच बसते, त्यामुळे वर उल्लेख केलेल्या सगळ्या डेटाबेसमध्ये घडते.

डेअरीत दूध घालणं बंद केलेल्या सभासदांचा 'बंद_सभासद' असा एक व्ह्यू आहे. त्यातल्या कॉलमचं नाव 'क्रमांक'. मुख्य टेबलमध्ये मात्र त्याच गोष्टीला 'सभासद_क्रमांक' म्हणतात. कुणीतरी क्वेरी लिहिली: ज्यांचा सभासद_क्रमांक, बंद_सभासद या व्ह्यूमधल्या सभासद_क्रमांकांच्या यादीत आहे, त्यांच्या नोंदी सभासद टेबलमधून डिलीट कर.

व्ह्यूमध्ये सभासद_क्रमांक नावाचा कॉलमच नाही. मग एरर यायला हवी ना? येत नाही. एसक्यूएलचा नियम असा की आतल्या क्वेरीत नाव सापडलं नाही तर बाहेरच्या क्वेरीत शोधायचं. बाहेर सभासद टेबल आहे आणि त्यात सभासद_क्रमांक आहे. डेटाबेस तो उचलतो. आता अटीचा अर्थ झाला, ज्याचा क्रमांक स्वतःच्याच क्रमांकाइतका आहे त्याला काढ. तो तर प्रत्येकाचाच असतो. व्ह्यूमध्ये एक जरी ओळ असली तरी क्रमांक असलेला एकूण एक सभासद डिलीट होतो.

आणि वाईट म्हणजे आतली क्वेरी एकटी चालवून बघितली असती तर 'असा कॉलम नाही' अशी एरर लगेच आली असती. मोठ्या क्वेरीच्या पोटात गेल्यावर तीच चूक बरोबर ठरते.

यावरचा उपाय चार अक्षरांचा आहे. आतल्या क्वेरीत व्ह्यूला 'ब' असं छोटं नाव द्यायचं आणि कॉलमच्या आधी ते टिंब देऊन लिहायचं, 'ब.सभासद_क्रमांक'. आता डेटाबेसला बाहेर शोधायला वावच उरत नाही. ब मध्ये तो कॉलम नाही, म्हणून क्वेरी तिथेच थांबते आणि एरर येते. डिलीट करण्याआधी ट्रान्झॅक्शन सुरू करायचं, किती ओळी गेल्या तो आकडा वाचायचा आणि मगच कमिट करायचं. बारा सभासद काढायचे होते आणि आकडा बाराशे आला, तर रोलबॅक म्हटलं की सगळे परत जागेवर.